व्हॅक्यूम पंप हजार मायक्रॉनवर अडतो: दोष पंपात, तेलात की जोडणीत?

शीतयंत्री

नमस्कार मंडळी,

वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीसाठी मी दोन टप्प्यांचा रोटरी व्हेन व्हॅक्यूम पंप वापरतो. त्याची क्षमता ४ सीएफएम, म्हणजे मिनिटाला साधारण ११३ लिटर आहे. नवा असताना साध्या स्प्लिट यंत्रावर तो ४०० मायक्रॉनच्या खाली सहज जात असे (मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरचा हजारावा भाग; आकडा जितका कमी, तितके निर्वात खोल). अलीकडे मात्र आकडा १,२०० च्या आसपास येऊन थबकतो आणि तासभर पंप चालू ठेवला तरी हलत नाही. नायट्रोजनचा दाब देऊन पाहिले असता यंत्रणेत गळती आढळत नाही. पंपाचा आवाज पूर्वीसारखाच आहे. तेल साइट ग्लासमधल्या खुणेपर्यंत आहे, फक्त रंग किंचित पांढुरका वाटतो.

जोडणी नेहमीचीच आहे. पंपापासून पिवळी होज मॅनिफोल्डला (चाव्या आणि दाबाची घड्याळे असलेल्या जोडसंचाला), तिथून निळी होज सर्व्हिस व्हॉल्व्हला, आणि मायक्रॉन गेज मॅनिफोल्डच्या मोकळ्या तोंडावर.

व्हेन, म्हणजे पंपातली फिरती पाती, झिजल्या असे समजून पंप उघडावा, की त्याआधी तपासण्यासारखे काही आहे? सेवेच्या कामासाठी पंप कसा जोडावा आणि त्याची निगा कशी राखावी, याबद्दल प्रत्येकाची पद्धतही वाचायला आवडेल.

तेलकट_हात

पांढुरके तेल हेच तुमचे उत्तर आहे. आधी तेल बदला, मग बाकीचे बोलू.

पारदमापी

शीतयंत्रीजी, पंप उघडण्याची घाई करू नका. तुम्ही दिलेला १,२०० हा आकडा पंपाचा नाही. पंप, त्यातले तेल, दोन होज, मॅनिफोल्डच्या चाव्या, वाटेतले सगळे रबरी वायसर आणि शेवटी यंत्रणा, या सर्वांचा मिळून तो आकडा आहे, आणि त्यातला दोषी कोण हे त्यावरून कळणे शक्य नाही.

म्हणून आधी पंपाला एकट्याला तपासा. मायक्रॉन गेज पितळी जोड वापरून थेट पंपाच्या तोंडावर बसवा, मध्ये होज नको, आणि उरलेली तोंडे टोपणांनी बंद करा. पंप दहा-पंधरा मिनिटे चालवून तेल गरम होऊ द्या, मग गॅस बॅलास्टची चावी (पंपात थोडी बाहेरची हवा सोडणारी) बंद करून आकडा पाहा. दोन टप्प्यांचा धडधाकट पंप ताज्या तेलावर काही मिनिटांत १०० मायक्रॉनच्या खाली गेलाच पाहिजे, आणि चांगले पंप ५० च्याही खाली जातात. पंपाच्या पट्टीवर छापलेला १५ किंवा २५ मायक्रॉनचा आकडा याच अवस्थेतला असतो, त्यामुळे यंत्रणेला जोडल्यावर तो दिसेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

या चाचणीत पंप अडला, तर तेल बदलून तीच चाचणी पुन्हा करा. दुसऱ्यांदाही अडला, तर तोंडावरची ओ-रिंग, बॅलास्टच्या चावीची ओ-रिंग आणि शाफ्ट सील या क्रमाने पाहा. व्हेनचा नंबर सर्वांत शेवटी येतो. पंप नीट उतरला, तर तो निर्दोष, आणि शोध होजपासून पुढे सुरू करायचा.

तुमच्या गेजच्या जागेबद्दलही एक सांगतो. मॅनिफोल्डवरचे गेज पंपाच्या बाजूला असल्यामुळे यंत्रणेतल्या खऱ्या अवस्थेपेक्षा कमी, म्हणजे अधिक चांगला आकडा दाखवते. गेज नेहमी पंपापासून शक्य तितके दूर, यंत्रणेच्या दुसऱ्या तोंडावर असावे. तुमचे १,२०० आत कदाचित १,८०० असतील.

प्रश्नचिन्ह

मी नुकताच या कामाला लागलो आहे, म्हणून प्रश्न प्राथमिक वाटल्यास सांभाळून घ्यावे. २५ अंश तापमानाला पाणी साधारण २३,८०० मायक्रॉनवर उकळते, असे शिकवले गेले. मग एवढ्या निर्वातावर ओलावा उडून जायला हवा. मग ५०० मायक्रॉनपर्यंत उतरण्याचा जो आग्रह सगळे धरतात, तो कशासाठी?

जुना_कारागीर

प्रश्नचिन्ह, तुझा प्रश्न मला आवडला. आमच्या उमेदीच्या काळात मायक्रॉन गेज कोणाच्या पेटीत नसे. मॅनिफोल्डच्या निळ्या घड्याळाचा काटा उणे ७६ सेंटिमीटरला टेकला की तिथून पुढे अर्धा तास मोजायचा, यंत्र मोठे असेल तर तास-दीड तास, आणि मग गॅस सोडायचा. त्यांतली कितीतरी यंत्रे आजही बिनतक्रार चालत आहेत. हल्ली पोरे आकड्याच्या नादी लागतात आणि ब्रेझिंग करताना, म्हणजे नळ्या तापवून धातूने जोडताना, नळीतून नायट्रोजन सोडायला विसरतात. आतल्या काळ्या पापुद्र्याला कोणतेच मायक्रॉन बाहेर काढत नाहीत.

पारदमापी

कारागीरकाका, नायट्रोजनच्या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. घड्याळाच्या काट्याबद्दल मात्र मतभेद नोंदवतो. पूर्ण वातावरणाचा दाब म्हणजे पाऱ्याचे ७६० मिलिमीटर, अर्थात ७,६०,००० मायक्रॉन. ५०० आणि ५,००० मायक्रॉन यांच्यातला फरक पाऱ्याच्या साडेचार मिलिमीटरचा. एवढ्याशा घड्याळावर तो काट्याच्या जाडीत लपतो, म्हणजे कोरडी यंत्रणा आणि ओली यंत्रणा त्याला सारखीच दिसते. शिवाय ते घड्याळ भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजते. समुद्रसपाटीपासून उंचावर हवेचा दाबच कमी असल्यामुळे आत पूर्ण निर्वात झाले तरी काटा ७६ ला टेकत नाही, आणि कामगार बिचारा नसलेली गळती शोधत बसतो.

जुनी यंत्रे तरली याचे श्रेय त्यांतल्या तेलालाही आहे. आर-२२ या जुन्या शीतकाबरोबरचे खनिज तेल ओलावा फारसा शोषत नसे. आर-४१०ए आणि आर-३२ च्या यंत्रांतले कृत्रिम तेल तेवढे क्षमाशील नाही.

रसायनी

प्रश्नचिन्ह यांच्या शंकेचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

२३,८०० मायक्रॉनला पाणी उकळायला सुरुवात होते, हे खरे. पण उकळले म्हणजे बाहेर गेले असे नव्हे. एक ग्रॅम पाण्याची वाफ त्या दाबाला साधारण ४३ लिटर जागा व्यापते. तेच एक ग्रॅम ५०० मायक्रॉनला सुमारे २,००० लिटर होते. पंप दर मिनिटाला ठरावीक आकारमान उपसतो, वजन नाही. त्यामुळे जसजसे खाली जावे तसतसे उरलेले पाणी काढणे महाग पडत जाते, आणि एखादा थेंब नळीच्या खोलगट वळणात राहिला तर आकडा एकाच जागी कितीतरी वेळ खिळून राहतो. आतील भाग कोरडा झाल्याशिवाय तो ५०० पर्यंत उतरतच नाही, म्हणून ५०० हा आकडा पुरावा म्हणून धरला जातो.

घाईचाही तोटा आहे. उकळणारे पाणी स्वतःचीच उष्णता घेते, त्यामुळे ते थंड होत जाते. दाब ४,५८० मायक्रॉनच्या खाली गेला की द्रवरूप पाणी टिकत नाही, उरलेल्याचे बर्फ होते. बर्फही हळूहळू उडतो, परंतु ५०० मायक्रॉनला त्याचे समतोल तापमान उणे २४ अंशांच्या आसपास असल्याने त्याला बाहेरून उष्णता मिळाल्याखेरीज काम पुढे सरकत नाही. आत पाणी शिरले आहे असा संशय असेल, तर खालच्या नळ्यांना आणि कंप्रेसरच्या तळाला गरम हवेचा ब्लोअर किंवा उष्ण दिवा लावावा. ज्वालेचा बर्नर मात्र लावू नये.

पारदमापी यांनी उल्लेखिलेले कृत्रिम तेल, म्हणजे पीओई, हवेतला ओलावा शोषून घेते, आणि पुढे उष्णतेत त्या पाण्याशी अभिक्रिया होऊन आम्ल तयार होते. एकदा तेलात मुरलेला ओलावा पंपाने पुरेसा निघत नाही. त्यासाठी नवा फिल्टर ड्रायरच हवा. कंप्रेसरची टोपणे जोडणीच्या क्षणापर्यंत काढू नयेत, हा नियम पंपाच्या कोणत्याही गुणापेक्षा अधिक उपयोगी आहे.

प्रश्नचिन्ह

धन्यवाद ताई. दोन हजार लिटरचा हिशेब डोक्यात पक्का बसला.

नळीबहाद्दर

माझ्या मते इथे सर्वांत मोठा गुन्हेगार होज आहे. शीतयंत्रींचा पंप मिनिटाला ११३ लिटर ओढू शकतो, पण तो ओढतो आहे पाव इंची होजमधून, मॅनिफोल्डच्या अरुंद वाटांमधून, आणि शेवटी सर्व्हिस व्हॉल्व्हच्या पिनेच्या (आतल्या स्प्रिंगच्या झडपेच्या) भोवतालच्या फटीमधून. हे सरबताच्या नळीने हौद उपसण्यासारखे आहे. नळी तीच राहिली तर ८ सीएफएमचा पंप आणूनही काही फरक पडणार नाही.

हिशेब असा: नळीची वाहकता लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, पण व्यासाच्या बाबतीत ती, दाब अधिक असताना चौथ्या घाताने आणि खोल निर्वातात तिसऱ्या घाताने वाढते. व्यास दुप्पट केला तर वाहकता आठपट ते सोळापट होते. आणि लक्षात घ्या, पाव इंच हे जोडाचे माप आहे, होजचा आतला व्यास त्याहूनही कमी असू शकतो.

माझी जोडणी अशी असते. दोन्ही सर्व्हिस तोंडांवर बॉल व्हॉल्व्हचे पिन काढण्याचे हत्यार बसवून पिना बाहेर काढतो. पंपापासून अर्ध्या इंची, शक्य तितकी आखूड, निर्वातासाठीच बनवलेली होज एका हत्याराला लावतो. दुसऱ्या हत्याराच्या बाजूच्या तोंडावर मायक्रॉन गेज उभे बसवतो, म्हणजे आतले तेल त्यात उतरत नाही. मॅनिफोल्ड पेटीतच राहते. काम झाले की बॉल व्हॉल्व्ह बंद करून आधी पंप वेगळा करतो, गॅस सोडायच्या आधी गेज काढून घेतो, आणि गॅस भरल्यावर त्याच हत्याराने नव्या पिना बसवतो.

जुना_कारागीर

आणि ती पिन हातातून निसटून गच्चीच्या पन्हळात पडली की?

नळीबहाद्दर

काका, म्हणूनच खिशात नव्या पिना असतात. काढलेली पिन तशीही परत बसवू नये, तिचा रबरी भाग उष्णतेने कडक झालेला असतो.

कॅपिलरी_काका

वरची चर्चा मोठ्या यंत्रांची चालली आहे, म्हणून घरगुती रेफ्रिजरेटरबद्दल दोन शब्द. तिथे कंडेन्सर आणि इव्हॅपोरेटर यांच्यामध्ये केसासारखी बारीक कॅपिलरी नळी असते. फक्त कंप्रेसरच्या प्रोसेस ट्यूबवरून, म्हणजे गॅस भरायच्या नळीवरून, पंप लावला, तर कमी दाबाची बाजू लवकर उतरते, पण कंडेन्सरकडची हवा त्या केसातून झिरपत येईपर्यंत बराच वेळ जातो. गेज कंप्रेसरपाशी असेल तर ते ५०० दाखवते आणि पलीकडे अजून बरेच काही शिल्लक असते. माझा शिरस्ता असा आहे की ड्रायर बदलताना दुसरी आखूड नळी असलेला ड्रायर बसवायचा आणि दोन्ही बाजूंनी ओढायचे. ते शक्य नसेल तर नायट्रोजनने निर्वात मोडून पुन्हा ओढायचे.

मितव्ययी

तेलाबद्दल वेगळे मत मांडतो. प्रत्येक कामानंतर तेल बदला, असे जे सर्रास सांगितले जाते ते मला पटत नाही. नव्या, कोरड्या, नायट्रोजन सोडून ब्रेझिंग केलेल्या यंत्रणेवर पंप लावला तर तेलात जाण्यासारखे असते तरी काय? मी मायक्रॉनच्या चाचणीवर निर्णय घेतो. पंप एकटा असताना १०० च्या खाली जातो तोवर तेल चांगले.

तेलकट_हात

मितव्ययी यांचे तत्त्व चुकीचे नाही, पण त्याला एक अट घालावी लागेल: ती चाचणी खरोखर दर वेळी कामाला निघण्यापूर्वी केली पाहिजे. ती टाळणाऱ्याने तेल बदलण्यातही काटकसर करू नये. आणि जळलेल्या कंप्रेसरच्या किंवा पाणी शिरलेल्या यंत्रणेच्या कामानंतर चाचणीचा विचारही न करता तेल काढून टाकावे. त्या तेलातले आम्ल रात्रभर पंपाच्या आतल्या पृष्ठभागांना खात बसते.

तेलाला एवढे महत्त्व का, तेही सांगतो. या पंपात तेल वंगणाचे काम करतेच, पण व्हेन आणि सिलिंडर यांच्यातली फटही तेच बुजवते. तेलात पाणी किंवा शीतक मिसळले की त्याची वाफ पंपाच्या आतच सुटत राहते. पंप कितीही नवा असला तरी स्वतःच्या तेलाच्या बाष्पदाबाखाली तो जाऊ शकत नाही. म्हणून व्हॅक्यूम पंपाचेच तेल घालावे, इंजिनचे किंवा कंप्रेसरचे नव्हे.

बदलताना पंप गरम असावा. तेल पातळ झाले की गाळही बरोबर येतो. खालचा बूच काढून पंप पुढे कलता करा आणि शेवटची धार थेंबांवर येईपर्यंत थांबा. मग थोडे ताजे तेल घालून पंप काही मिनिटे चालवा आणि तेही काढून टाका. फार खराब असेल तर हे पुन्हा करा. अखेरचे तेल घालताना खुणेच्या जरा खाली थांबून पंप सुरू करा आणि चालू स्थितीत पातळी खुणेशी जुळवा. जास्त भरले तर ते धुराड्यातून फवाऱ्याने बाहेर येते. काढलेले तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. त्यात शीतक आणि आम्ल असते, म्हणून वेगळ्या डब्यात साठवून वापरलेले तेल घेणाऱ्यांकडे द्यावे.

आता गॅस बॅलास्ट. ही चावी कशासाठी आहे हे न समजल्यामुळे अनेकांकडे ती कायम बंद तरी असते, नाहीतर कायम उघडी. पंपाच्या दुसऱ्या टप्प्यात वाफ दाबली जाते, तेव्हा बाहेर पडण्याआधीच तिचे पाणी होऊन ते तेलात मिसळते. चावी उघडी ठेवली की त्या कप्प्यात थोडी बाहेरची हवा येते, धुराड्याची झडप लवकर उघडते, आणि वाफ वाफेच्याच रूपात निघून जाते. सुरुवातीला उघडी ठेवावी, आकडा दोन-तीन हजारांवर आला की बंद करावी. शीतयंत्रीजी, तुमची चावी शेवटपर्यंत उघडी राहत नाही ना, तेवढे पाहून घ्या. उघड्या बॅलास्टवर पंप तळ गाठत नाही.

मितव्ययी

अट मान्य आहे.

विद्युतलता

विजेच्या बाजूचे काही मुद्दे अजून कोणी घेतले नाहीत, म्हणून लिहिते.

लांब आणि बारीक तारेच्या एक्स्टेंशनवर पंप लावला की सुरू होताना व्होल्टेज पडते. थंड सकाळी तेल घट्ट असते, त्यात हे घडले की मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही. अशा वेळी तिला तशीच चालू ठेवू नये, वाइंडिंग तापते. पंपाचे तोंड क्षणभर मोकळे करून किंवा बॅलास्ट उघडून सुरू केला तर बहुधा सुटतो. तरीही गुणगुणत राहिला तर कपॅसिटर तपासावा.

दुसरा मुद्दा चालू कामात वीज जाण्याचा. पंप थांबला की यंत्रणेतले निर्वात पंपातले तेल होजमधून उलटे वर खेचते. बऱ्याच पंपांत हे रोखणारी झडप असते, पण तीही कालांतराने पूर्ण बसत नाही, आणि जुन्या पंपांत ती नसतेच. पंप चालू ठेवून जेवायला जाण्याची सवय असलेल्यांनी पंपाच्या तोंडावर वीज जाताच आपोआप बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवावा. हाताने बंद करतानाही क्रम तोच: आधी व्हॉल्व्ह, मग पंपाचे बटण.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. यंत्रणा निर्वातात असताना कंप्रेसर सुरू करू नये, आणि त्याच्या वाइंडिंगला मेगरही (इन्सुलेशन तपासणारे यंत्र) लावू नये. भौतिकशास्त्रज्ञ पाश्चन यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार वायूतून ठिणगी उडण्यासाठी लागणारे व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, आणि एका विशिष्ट गुणाकाराला ते सर्वांत कमी होते. हवेसाठी तो नीचांक सुमारे ३२७ व्होल्टचा आहे. टर्मिनलांमधले अंतर एक सेंटिमीटर धरले, तर तो साधारण ५७० मायक्रॉनला येतो. म्हणजे आपण जिथे पोहोचायची धडपड करतो, नेमक्या त्याच जागी इन्सुलेशन सर्वांत दुबळे असते. मेगर ५०० व्होल्ट देतो. निर्वात मोडून आत शीतकाचा दाब आल्यावरच ही तपासणी करावी.

जुना_कारागीर

विद्युतलताताई, तिसरा मुद्दा मला ठाऊक होता, त्याचे कारण आज कळले. आमच्या उस्तादांनी फक्त ‘लावू नको’ एवढेच सांगितले होते, आणि त्यांना उलट विचारण्याची कोणाची टाप नव्हती.

शीतयंत्री

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे एकेक करून पाहिले, निष्कर्ष देतो.

गेज थेट पंपावर लावले, जुने तेल तसेच ठेवून: आकडा ६५० वर अडला. बॅलास्ट बंदच होती. तेल गरम करून काढले. काचेच्या बाटलीत ठेवल्यावर काही वेळाने तळाशी पाण्याचा वेगळा थर स्पष्ट दिसला. ताजे तेल दोनदा फिरवून तिसऱ्यांदा भरले, तेव्हा पंप ४५ पर्यंत उतरला. म्हणजे व्हेन बिचाऱ्या निर्दोष आहेत.

त्यानंतर तीच जुनी जोडणी लावून पाहिली. बंद टोकाच्या होज आणि मॅनिफोल्ड, यंत्रणा नाही, तरीही आकडा ७०० च्या खाली जाईना. पिवळ्या होजचा वायसर काढून पाहिला, तर त्याच्यावर कडेपासून कडेपर्यंत नखाने कोरल्यासारखी चीर होती. दाब दिला की ती चीर मिटत असणार, म्हणून नायट्रोजनच्या चाचणीत काही दिसत नव्हते. तो बदलल्यावर २८० आले.

शेवटी नळीबहाद्दर यांच्या पद्धतीने, पिना काढून, मॅनिफोल्ड वगळून, गेज दुसऱ्या तोंडावर लावून स्प्लिट यंत्रावर ओढले, तेव्हा पूर्वीच्या निम्म्याहून कमी वेळात ३५० पर्यंत पोहोचलो. पंप बंद करून बॉल व्हॉल्व्ह मिटला, तर आकडा चढत चढत दहा मिनिटांत ७८० ला जाऊन स्थिरावला. हे समाधानकारक मानावे का?

नळीबहाद्दर

पंप बंद करून मग व्हॉल्व्ह मिटला? विद्युतलतांचा दुसरा मुद्दा पुन्हा वाचावा!

शीतयंत्री

लिहिताना क्रम उलटा पडला, आधी व्हॉल्व्हच मिटला होता.

पारदमापी

आकडा कुठवर चढला यापेक्षा तो कसा चढला हे पाहायचे. गळती असेल तर तो एकाच चालीने चढत राहतो, कुठेही थांबत नाही, कारण बाहेरची हवा संपणारी नसते. ओलावा असेल, किंवा कंप्रेसरच्या तेलात विरघळलेले शीतक बाहेर येत असेल, तर चढण हळूहळू मंद होत एका पातळीला स्थिरावते. तुमचा ७८० ला स्थिरावला म्हणजे गळती नाही. दहा मिनिटांत १,००० च्या आत राहणे अनेक ठिकाणी ग्राह्य धरले जाते, पण अंतिम शब्द त्या यंत्राच्या पुस्तिकेचा. पीओई तेलाचे यंत्र असल्यास मी तरी एकदा कोरड्या नायट्रोजनने निर्वात मोडून पुन्हा ओढीन आणि दुसऱ्या वेळी ५०० च्या आत थांबते का ते पाहीन.

मितव्ययी

तीन वेळा ओढून दोनदा नायट्रोजनने मोडायची जी पद्धत आहे, ती प्रत्येक कामाला करणे मला अनाठायी वाटते. पहिल्याच वेळी आकडा सरळ उतरला आणि टिकला, तर पुढच्या फेऱ्या कशासाठी?

रसायनी

यंत्रणा कोरडी असल्याचे गेजच सांगत असेल, तर त्या फेऱ्यांची गरज नाही, हे मलाही मान्य आहे. फेऱ्यांचा खरा उपयोग आकडा अडून बसतो तेव्हा होतो. वातावरणाच्या दाबापर्यंत भरलेला नायट्रोजन नळीच्या भिंतींची उष्णता ओल्या जागेपर्यंत पोहोचवतो आणि वाफ आपल्याबरोबर वाहून नेतो. निर्वातात उष्णता पोहोचवायला काहीच नसते. मात्र नायट्रोजन रेग्युलेटरमधूनच सोडावा, आणि त्याच्या जागी ऑक्सिजन कधीही वापरू नये. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

जुना_कारागीर

एवढ्या सगळ्या आकड्यांवर विश्वास ठेवताना गेज खरे बोलते आहे याची खात्री कोण करणार? त्याच्या संवेदकावर तेलाचा थर बसला की तेही खोटे बोलते.

पारदमापी

काका, या मुद्द्यावर तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. पंपावर थेट लावून पाहण्याची चाचणी गेजचीही परीक्षा घेते. ताज्या तेलावर ओळखीचा पंप नेहमीच्या आकड्याला पोहोचत नसेल, तर दुसरे गेज लावून पाहावे. संवेदक धुण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब आत घालून, हलवून, ओतून टाकायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे. कापसाची काडी आत खुपसू नये, आतली तार नाजूक असते.

प्रश्नचिन्ह

शेवटचा प्रश्न. आर-२९० च्या रेफ्रिजरेटरवर हाच पंप चालेल का?

विद्युतलता

आर-२९० म्हणजे प्रोपेन. हवेत साधारण २.१ टक्के मिसळले तरी ते पेट घेऊ शकते, आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, जिथे आपला पंप ठेवलेला असतो. पंपाच्या बटणात किंवा मोटरच्या आतल्या स्विचमध्ये ठिणगी उडत असेल, तर तो पंप या कामाचा नाही. ज्वलनशील शीतकांसाठी चालेल असे निर्मात्याने स्पष्ट लिहिलेला पंपच घ्यावा. आर-३२ त्या मानाने कमी ज्वलनशील असले तरी त्यालाही हीच दक्षता लागू आहे.

पंप कोणताही असो, आधी आतला गॅस नियमानुसार काढून घ्यावा आणि यंत्रणा नायट्रोजनने धुवावी, मगच पंप जोडावा. खोलीत हवा खेळती हवी. पंपाचे बटण आधीच चालू स्थितीत ठेवून तो दूरच्या प्लगवरून सुरू आणि बंद करावा. धुराड्यातून निघणाऱ्या वाफेतही थोडा गॅस असतो, म्हणून त्याचे तोंड मोकळ्या हवेकडे असावे.

शीतयंत्री

आता पंप काही आठवडे वापरात नसणार आहे. तेल काढून ठेवावे की भरलेलेच असावे?

तेलकट_हात

भरलेलेच, पण ताजे. तेल काढून ठेवले तर आतल्या पोलादी भागांवर गंज धरतो. शेवटच्या कामानंतर बॅलास्ट उघडी ठेवून, तोंड बंद करून पंप पाच-दहा मिनिटे चालवा म्हणजे तेलात राहिलेली वाफ निघून जाईल, मग तेल बदला, पुन्हा मिनिटभर फिरवा, आणि तोंड व धुराडे दोन्ही टोपणांनी बंद करून पंप उभाच ठेवा. आणि होजच्या वायसरांची एक पुडी त्याच पेटीत टाका.